तीन शाळांचं पाणी

शुद्धलेखन मला येत नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मास्तरांनी चौथीत शिकवलं होतं, पण ते तिथेच राहिलं. अक्षरही बरं नाही. ओळ सरळ धरायला गेले तर अक्षरं चेंगरतात, आणि अक्षरं मोकळी सोडली तर ओळ खाली घसरते. मुलीच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. नाव कुणाचंच लिहिणार नाही. चार माणसांत माझी जीभ अडते, लिहिताना समोर कुणी नसतं, एवढंच.

लिहायचं आहे ते मुलीच्या हायस्कुलाबद्दल.

आमचं घर तापीकाठच्या गावात, इतवाऱ्यात. दोन खोल्या आणि पुढे ओटा. घरात चार माणसं: हे, मी, आमची एकुलती मुलगी आणि ह्यांची थोरली बहीण. त्यांना मी वन्सं म्हणायची. लग्नानंतर दोनच वर्षांत त्या विधवा होऊन भावाकडे परत आल्या होत्या. जीभ तिखट, पण माझ्या बाळंतपणात सव्वा महिना मला चुलीजवळ जाऊ दिलं नव्हतं. हे बाजारात एका कापडाच्या दुकानात गुमास्ते होते. मी घरी चरख्यावर कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची बारीक नळी बसते, ती कांडी. दर गुरुवारी भरलेल्या कांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन विणकरांच्या मोहल्ल्यात जायची आणि येताना नवं सूत आणायची. त्याचे थोडे पैसे मिळत, ते माझे असत.

तेव्हा नुकतंच राज्य बदललं होतं. आधी आपलं सरकार नागपूरला होतं, ते आता भोपाळला गेलं असं हे सांगत. आम्हा बायकांना त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं. तापी तिथेच, बाजार तिथेच. पण मराठी शाळांमध्ये मुलं कमी होऊ लागली, पाट्या हिंदीत होऊ लागल्या. ओट्याओट्यांवर पुरुष म्हणत, "रावेर काय लांब आहे? आज ना उद्या आपलं गावही त्याच्यासारखं खानदेशात जाणार." काही घरांनी तर त्या भरवशावर मुलींना वर्षभर घरीच ठेवलं. म्हणत, राज्याचं नक्की होऊ द्या, मग शाळेचं पाहू. असं थांबलेल्या मुली पुन्हा शाळेत गेलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आमची मुलगी मराठीतून आठवी पास झाली. वन्संनी निकालाच्या दिवशी तिला साखर दिली आणि त्याच संध्याकाळी रावेरकडचं एक स्थळ सांगितलं. केळीचा बाग, मुलगा एकटा, मागणी काही नाही.

"आठवी झाली. आता आणखी काय शिकून मामलेदार होणार आहे का?" वन्सं म्हणाल्या.

"अक्का, अजून चौदाच वर्षांची आहे," हे म्हणाले.

"मी बारा वर्षांची होते."

मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने माझा पदर मागून घट्ट धरलेला मला कळत होता.

ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. "नववीत घालू. पास झाली तर पुढे शिकेल. नापास झाली तर अक्का म्हणतात तसं करू. मग माझ्याकडे रडायचं नाही." मुलीने मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "आपल्या जवळ तीन हायस्कुलं आहेत. फी मी विचारून आलो. तिन्हींची थोडी इकडे-तिकडे. बाकी मला काही कळत नाही. तू पाहून ये."

मी! मी वाण्याकडे सुद्धा मुलीला पुढे करून बोलायची.

वन्सं हसल्या. "जा बाई जा. जावई पाहायला निघाल्यासारखी शाळा पाहून ये."

त्यांनी टोमणा मारला, पण मला त्यातून वाट मिळाली. शाळा कशी पाहतात ते मला माहीत नव्हतं. घर कसं पाहतात ते माहीत होतं. माझं माहेर डोईफोडिया गावचं. आमच्याकडे मुलगी द्यायची असली की बाप आधी घर पाहायला जातो. गोठा झाडलेला आहे का, चुलीवर धूर कोंडतो का, पाणवठा किती लांब. सुनेला हाक कशी मारतात तेही कान देऊन ऐकतो. आणि एक तांब्या पाणी मागून पितो. कारण ते शेवटचं. मुलगी दिली की त्या घरचं पाणी पिणं बंद. माझे वडील एकदा ऐन वैशाखात इतवाऱ्यात आले होते. माझ्या ओट्यावर घाम पुसत तासभर बसले, नातीला मांडीवर घेतलं, आणि पाणी प्यायला उठून चौकातल्या नळावर गेले. मला त्यात वाईट वाटलं नव्हतं. आमच्यात बाप असाच असतो.

तर शाळा उघडल्यावर मी त्यांची घरं पाहायला निघाले. गुरुवारची टोपली डोक्यावर घेतली. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

पहिली शाळा मोठ्या रस्त्यावरची, सरकारी, फक्त मुलींची. दगडी इमारत, उंच भिंत, लोखंडी फाटक. मुली रांगेने जात होत्या आणि रांग मोडत नव्हती. एका खिडकीतून काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. सगळं हिंदीत. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "क्या चाहिए, बाई?" मी म्हटलं, "पानी." त्याने आतला नळ दाखवला. साखळीने बांधलेला पितळी पेला होता. पाणी कोमट होतं आणि लोखंडाचा वास मारत होता. प्यायले आणि बाहेर आले. कुणी वाईट वागलं नाही. पण मी आले काय नि गेले काय, त्या इमारतीला कळलंच नाही. माझी मुलगी माझ्यासारखीच. तिथे ती अकरावीपर्यंत राहिली असती आणि कुणाला तिचा आवाज माहीत झाला नसता.

दुसरी शाळा राजघाटाच्या वाटेवर. ती सगळी मराठी. आत पाऊल टाकलं आणि माझे खांदे सैल झाले. एक बाई कविता म्हणून घेत होत्या, ती मला चौथीत होती. भिंतीवरच्या नकाशात अजून नागपूरच राजधानी होतं. म्हाताऱ्या शिपायाने रांजणातून पाणी काढून वरून ओतलं आणि म्हणाला, "सावकाश प्या, ठसका लागेल." मला तीच शाळा हवी होती. खोटं कशाला लिहू. पण नववीच्या वर्गात डोकावले तर सात मुली. मागचे बाक रिकामे, एकावर धूळ. मी शिपायाला कसंबसं विचारलं, "पुढे दहावी आहे ना?"

"आज आहे, ताई. पुढल्या साली निघेल का, ते वरून कळायचंय," तो म्हणाला. मग आपणच म्हणाला, "मी माझ्या नातीला इथे नाही घातलं."

घर चांगलं, माणसं चांगली, पण पुढच्या साली घरच नसेल तर मुलगी कशी द्यायची?

तिसरी शाळा आमच्या घरापासून सगळ्यांत जवळ, नगरपालिकेची. कौलारू, मुलं-मुली एकत्र. बाहेर गोंगाट इतका की मी फाटकातूनच परतणार होते. शिकवणं इथेही हिंदीतच. पण शाळा सुटली आणि ओसरीवर सात-आठ मुली परत येऊन बसल्या. एक बाई त्यांच्या मधोमध चटईवर बसल्या. तिशीच्या असतील, सुती पांढरं पातळ, हातात घड्याळ. त्या हिंदीचा धडा वाचत आणि मराठीत समजावून सांगत. चुकलं की मुली हसत, त्यांच्याबरोबर बाईही हसत. मी खांबाशी उभी राहून ऐकत होते. टोपलीचं भानच राहिलं नाही.

"कोण हवंय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "पाणी."

त्या उठल्या. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ होता. माझ्या डोक्यावरची टोपली त्यांनी आधी उतरवून घेतली, मग माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. थंड, गोड पाणी. मी दोनदा मागितलं.

"मुलगी आहे का घरात?" त्यांनी विचारलं. मी पाण्यासाठी आले नव्हते हे त्यांना कळलं होतं.

"आठवी झाली. मराठीतून."

"पाठवा की. या सगळ्या मराठीतूनच आल्यात. शाळा सुटल्यावर तासभर बसवते. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येईल." मग म्हणाल्या, "मी पण इथे नवीच. नागपूरकडची. राज्याची वाटणी झाली तेव्हा नोकरदारांचीही झाली. माझं नाव या यादीत आलं."

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "आई, पाणी कुठलं गोड?"

"तिसरीचं."

"मुलं आहेत त्या शाळेत!" वन्सं आतून म्हणाल्या. "आणि कौलं फुटकी आहेत. मी पाहिलीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत म्हटलं, "तिथे एक बाई आहेत." एवढंच सांगता आलं. पण मी कधी काही मागत नसे, म्हणून असेल, ह्यांनी होकार दिला.

नाव घालायचा शेवटचा दिवस आला. हे मालकांबरोबर माल आणायला गेले होते ते परतले नव्हते. घरात होते ते पैसे घेऊन मी आणि मुलगी गेलो. फी, पुस्तकं, सगळं मिळून नऊ रुपये कमी पडले. कारकून म्हणाला, "कल आना." उद्या तर नाव घालणंच बंद. मला बोलता येईना. मुलगी रडायला लागली. बाई कशाला तरी तिथे आल्या होत्या. त्यांनी आपल्या पाकिटातून नऊ रुपये काढून टेबलावर ठेवले. "लिहा नाव," त्या कारकुनाला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "सावकाश द्या. मला कुठे लगीनघाई आहे?"

मुलगी त्या शाळेची झाली. तिथल्या मुली आळीपाळीने बाईंचा माठ भरत. आमच्या मुलीचा वार मंगळवार. मंगळवारी ती वेणी स्वतः घालून लवकर निघायची.

महिना-दीड महिन्याने शाळेत पालकांना बोलावलं. ह्यांना दुकानातून सुट्टी नव्हती, मी गेले. ओसरीवर वीसेक माणसं, बहुतेक पुरुष. हेडमास्तर बोलत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. ऊन फार होतं, माझा चेहरा उतरला असावा. बाई सगळ्यांमधून वाट काढत पेलाभर पाणी घेऊन माझ्याकडे आल्या.

मी हात जोडले. "नको," म्हटलं.

"अहो, घ्या. घाम आलाय केवढा."

"नको. मला चालत नाही."

मला म्हणायचं होतं की मुलगी दिली आता इथे, म्हणून. पण वीस डोकी माझ्याकडे वळली होती, आणि पुढचे शब्द घशातच राहिले. बाईंचा हात पेल्यासकट तसाच राहिला. मग त्यांनी तो पेला शांतपणे कुंडीतल्या तुळशीला ओतला आणि परत गेल्या. मला वाटलं, कामात आहेत.

घरी येऊन मी हे सहज सांगितलं. वन्सं तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं केलंस. मला वाटलं होतं तुला काही कळत नाही. पण कळतं हो."

"काय कळतं?"

"त्या बाईंची जात. नागपूरकडच्या त्या लोकांनी नवा धर्म घेतला ना, त्यांतल्या त्या. पलीकडच्या आळीत खोली मागायला गेल्या होत्या, कुणी दिली नाही. आता स्टेशनाकडे राहतात. मी तुला सांगणारच होते, त्यांच्या हातचं पाणी पीत जाऊ नकोस म्हणून. तू आपणच नाही म्हणालीस."

मी खाली बसले. आधी प्यायले होते, दोनदा मागून. आता नाही म्हटलं होतं, चारचौघांत. बाईंनी काय समजायचं ते मला दिसलं. मधल्या दिवसांत हिला कुणीतरी सांगितलं, असंच त्यांना वाटलं असणार. नाही तर दुसरं काय वाटेल?

इथे एक गोष्ट खरी लिहायला हवी. पहिल्या दिवशीच मला कुणी त्यांची जात सांगितली असती तर मी ओंजळ पुढे केली असती का? मला माहीत नाही. डोईफोडियात आमची विहीर वेगळी होती आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण पाणी प्यायल्यावर मला कळलं होतं की ते गोड आहे. ते काही परत करता येत नव्हतं.

मंगळवारी मुलगी घरी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले.

"काय झालं?"

"बाईंनी मला माठ भरू दिला नाही. म्हणाल्या, तू राहू दे, तुझ्या घरी चालणार नाही. रागावल्या नाहीत, आई. हळू म्हणाल्या. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या." मग म्हणाली, "मी आता तासाला बसणार नाही. मला तिथे बसवत नाही."

दोन आठवड्यांनी तिमाहीचे मार्क आले. हिंदीत नापास. ह्यांनी प्रगतिपुस्तकावर सही केली. वन्संनी रावेरला पत्र टाकायचं का, एवढंच विचारलं.

"वर्ष संपू द्या, अक्का," हे म्हणाले. पण पूर्वीच्या जोरात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी नऊ रुपये माझ्या हातावर ठेवले. "त्या बाईंचे देऊन टाक. उधारी नको." मी पैसे हातात घेतले. पाणी नाकारलं, मुलगी तासाला येत नाही, आणि आता पैसेही परत. म्हणजे संबंधच संपला, असंच झालं असतं ते. मी पहिल्यांदा ह्यांना म्हटलं, "हे मी माझ्या कांड्यांच्या पैशातून फेडीन. हळूहळू. तुम्ही यातून तिला छत्री आणा."

"का?"

"तसंच."

ते म्हणाले, "बरं. तुझं तू बघ."

आता बाईंना सांगायचं कसं? गुरुवारपर्यंत मी चरखा फिरवत वाक्यं जुळवली. सगळी मोडत होती. आणि सांगून तरी काय? 'मला चालत नाही' म्हणालेली बाई आता काहीही सांगेल. पाणी प्यायल्याशिवाय माझ्या बोलण्याला अर्थ नव्हता, आणि मुलगी दिलेल्या घरचं पाणी पिणं माझ्याच्याने होईना. कुणाला हे हसण्यासारखं वाटेल. पण ते पाणी प्यायले तर मुलीला काहीतरी होईल, अशी भीती माझ्या पोटात होती. बापाने चौकातल्या नळावर जाऊन मला जपलं होतं, असंच मी समजत आले होते.

मग मला वडिलांचीच आणखी एक गोष्ट आठवली. एकदा त्यांना आमच्याकडे ताप भरला आणि तीन दिवस राहावं लागलं. औषधाला तरी पाणी लागणारच. तेव्हा ते दर वेळी घोट घ्यायच्या आधी माठाशेजारी पैसा ठेवायचे. पैसा ठेवला की ते पाणी मुलीच्या घरचं राहत नाही, आपलं विकत घेतलेलं होतं. वन्संनी ते पैसे गोळा करून मुलीला बांगड्या भरल्या होत्या.

गुरुवारी मी कांड्या पोचवून शाळेत गेले. ओसरीवर बाई वह्या तपासत होत्या. मुली अजून यायच्या होत्या. मी टोपली माझी मीच उतरवली.

"पाणी द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "माठ तिथे आहे. घ्या ना."

"नाही. तुम्ही द्या."

त्या उठल्या नाहीत. "त्या दिवशी चालत नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आज कसं चालेल?"

मी पदराची गाठ सोडून पावली काढली आणि माठाशेजारी ठेवली. तेव्हा नवे पैसे आले होते, पण मी जुनी चार आण्यांचीच जपून आणली होती. "आमच्यात मुलगी दिलेल्या घरचं पाणी बापाने पिऊ नये," मी म्हटलं. "आईनेही. मुलगी दिली ना मी तुम्हाला. पाणी प्यायलं तर तिचं बरं होत नाही म्हणतात. पैसा ठेवला तर चालतं. त्या दिवशी लोक होते. मला बोलता येत नाही. मला तुमची जात माहीत पण नव्हती, घरी गेल्यावर कळली. आता माहीत आहे. द्या पाणी."

आयुष्यात इतकं सलग मी कधी बोलले नव्हते.

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी तुमची विहीण झाले?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांचंही तेच झालं असावं, कारण त्या पटकन माठाकडे वळल्या. या वेळी त्यांनी ओंजळीत ओतलं नाही, पेला हातात दिला. मी तोंड लावून प्यायले. त्याच पेल्याने मग त्याही प्यायल्या.

"विहीणबाई, ही पावली मात्र मी अशी घेणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पाणी विकत मिळत नाही. तुमचे नऊ रुपये राहिलेत, त्यात धरते. तुमचा पैसा ठेवला जाईल आणि माझं पाणी फुकट राहील. चालेल?"

मी पुष्कळ विचार केला. वडिलांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. पण मला ते चाललं.

दुसऱ्या दिवशी मुलगी तासाला बसली. पुढच्या मंगळवारी तिने माठ भरला. इतका काठोकाठ, की ओसरीभर पाणी सांडलं आणि बाईंनी तिच्याचकडून पुसून घेतलं. हे तिने घरी येऊन बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

दर गुरुवारी मी जाऊ लागले. पावली ठेवायची, पाणी प्यायचं, खांबाशी बसून धडा ऐकायचा. नव्या पैशांची नाणी आली तशी बाई हसून मोजायच्या, "पंचवीस नवे पैसे झाले ना बरोबर, विहीणबाई?" मुलीही मला चोरून विहीणबाई म्हणत. वन्संना मी सगळं सांगितलं होतं. त्या महिनाभर माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत, स्वतः वेगळा करून घेत. मी काही म्हटलं नाही. पण एका गुरुवारी मी टोपली उचलून निघाले तेव्हा त्या ओट्यावरून म्हणाल्या, "अगं ए, नाणं घेतलंस का?" मी घेतलं नव्हतं. त्यांनी कनवटीचं काढून दिलं आणि तोंड फिरवून बसल्या.

मुलगी नववी पास झाली. हिंदीत फार नाही, काठावरच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रावेरचे लोक आले तर ह्यांनी त्यांना आमरस वाढला आणि सांगितलं, "पोरीची अजून दोन वर्षं आहेत." वन्संनी त्यांना दुसरं एक स्थळ सुचवलं. मुलगी त्या वेळी झोक्यावर होती, गल्लीतल्या पोरींबरोबर मोठ्याने गात. इतका मोठा तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दिवाळीची सुट्टी गेली, उन्हाळ्याची गेली. ती दहावीत बसल्यावर दीडेक महिन्याने एका गुरुवारी मी पावली ठेवली तेव्हा बाई म्हणाल्या, "ही छत्तिसावी." त्यांनी वहीतून एक कागद फाडून त्यावर 'नऊ रुपये पूर्ण मिळाले' असं लिहिलं, खाली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्हीही करा."

"माझं अक्षर वाईट आहे," मी म्हटलं.

"करा हो. विहिणीचं अक्षर कोण बघतं?"

मी माझं नाव लिहिलं. ओळ खाली घसरली. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली, आणि मग उठून पाणी आणलं.